चोराने नाकारलेला ऐवज

घरफोडी या विषयावरील बहुतेक लेखन चोराच्या अंगाने झालेले आहे; तो कोठून आला, कुलूप कोणत्या हत्याराने तोडले आणि कोणत्या दिशेने पसार झाला, याची चर्चा विपुल आढळते, परंतु तो निघून गेल्यावर त्या घरात जी माणसे उरतात त्यांचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे कायदेपंडितांनी आणि वृत्तपत्रांनी सारखेच दुर्लक्ष केलेले दिसते. वास्तविक चोराचे काम तास-दीड तासात आटोपते, त्याला कोणाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत नाहीत आणि कोणासाठी चहाही टाकावा लागत नाही. खरे श्रम सुरू होतात ते गृहस्थाचे, ज्याला पोलिसी परिभाषेत ‘फिर्यादी’, म्हणजे तक्रार नोंदवणारा, असे म्हणतात आणि जो या प्रकरणात शेवटपर्यंत आरोपीपेक्षा अधिक वेळा जबाब देतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीचे सहा मार्ग सांगितले आहेत आणि पुढच्याच कलमात अशी तरतूद आहे की चोरीच्या उद्देशाने केलेली घरफोडी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घडली असल्यास चौदा वर्षांपर्यंत आणि दिवसाउजेडी घडली असल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यामुळे ठाणे अंमलदार, म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा अधिकारी, पहिलाच प्रश्न वेळेविषयी विचारतो, आणि साताऱ्याला भाच्याच्या लग्नाला जाऊन सोमवारी सकाळी परतलेल्या पुणेकर फिर्यादीची तेथेच पंचाईत होते.

“चोरी कधी झाली?”

“शनिवार दुपार ते सोमवार सकाळ.”

“म्हणजे दिवसा की रात्री?”

“ते त्यानं कळवलं नाही.”

हे उत्तर विनोदासाठी दिलेले नसते. परंतु फिर्यादी इसम सहकार्य करीत नाही, असा ग्रह होण्यास ते पुरेसे ठरते.

घरात पाऊल ठेवताच जो आक्रोश होतो तो गेलेल्या वस्तूंसाठी असतो. तो खरा असतो आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु काही वेळाने, डोळे पुसून झाल्यावर आणि जमिनीवर पसरलेला साड्यांचा ढीग उपसला गेल्यावर, घरच्यांचे लक्ष गेलेल्या वस्तूंवरून हळूहळू राहिलेल्या वस्तूंकडे वळते आणि तेथून या दुःखाचे स्वरूपच पालटते. सोनाराला कसोटीवर घासून जे कळते ते चोराला बॅटरीच्या उजेडात नुसत्या नजरेने कळते, ही गोष्ट कुटुंबाच्या प्रथमच ध्यानी येते. थोरल्या जावेने ‘अस्सल बसऱ्याचा’ म्हणून दिलेला मोत्यांचा सर त्याने डबीतून काढून पलंगावर टाकून दिलेला असतो. मेव्हण्याने परदेशातून आणलेले आणि केवळ सणासुदीला मनगटावर चढणारे घड्याळ त्याने खणातून बाहेर काढलेले आणि, अपमानाचा कळस म्हणजे, परत खणात ठेवलेले असते. देव्हाऱ्यातील दोन निरांजनांपैकी एकच गेलेले असते, ज्यावरून दुसरे चांदीचे नाही हे इतक्या वर्षांच्या पूजेनंतर सिद्ध होते. ग्रंथांच्या कपाटाला कुलूप असूनही ते तोडण्याची तसदी त्याने घेतलेली नसते, आणि साहित्यप्रेमी म्हणून सोसायटीत ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थाला हे विशेष लागते.

“अहो, जाऊबाईंचा सर इथंच आहे.”

“बरं झालं की!”

“बरं काय झालं? तीस वर्षं मी तो लग्नाकार्यात मिरवला!”

तांदळाच्या डब्याच्या तळाशी पाचशेच्या जुन्या नोटांचे पुडकेही असेच नाकारलेल्या अवस्थेत सापडते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या या नोटा गृहिणीने अडीअडचणीसाठी साठवल्या होत्या, नंतर जागा विसरली होती, आणि पतीला त्यांचा पत्ता लावून देण्याचे काम अखेर चोराने केले. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहाहून अधिक नोटा बाळगणे हा दंडनीय अपराध असून दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जे अधिक असेल तेथपर्यंत होऊ शकतो, अशी माहिती शेजारचे निवृत्त बँक अधिकारी तत्परतेने पुरवतात, आणि मग चोरी झालेल्या घरातील माणसे पोलीस येण्याच्या आत न्हाणीघराची कडी लावून नोटा मोजताना दिसतात.

गृहस्थाच्या या मनःस्थितीचा भारतीय साहित्यातील एक जुना आणि अत्यंत सूक्ष्म अभ्यास शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात सापडतो, जे मराठी रसिकांना गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे परिचित आहे. तिसऱ्या अंकात शर्विलक हा सुशिक्षित चोर चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडतो; उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर अशा भोकाच्या सात आकृत्या त्याला अवगत आहेत, म्हणजे आजच्या संहितेपेक्षा एक अधिक, आणि त्यांतून तो पूर्णकुंभाची निवड करतो व मापासाठी गळ्यातील जानवे वापरतो. चारुदत्त जागा होतो तेव्हा आधी तो त्या भोकाच्या सुबकपणाचे कौतुक करतो, मग एवढे कष्ट करून बिचारा चोर रिकाम्या हाताने परतला असेल म्हणून हळहळतो, आणि विदूषकाकडून दागिन्यांचा करंडा गेल्याचे कळते तेव्हा त्याला चक्क आनंद होतो. तो करंडा वसंतसेनेची ठेव होती हे लक्षात आल्यावर मात्र त्याची शुद्ध हरपते, कारण दरिद्री माणसाने ठेव गिळली असेच जग म्हणणार, ही त्याला खात्री आहे. आपल्या घरात चोराला साजेसे काही नव्हते, ही चारुदत्ताची खंत, आणि चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवील, ही त्याची भीती, या दोन पायांवर घरफोडीनंतरचा सारा संसार आजही उभा आहे.

पोलिसांना कळवल्यानंतर ते येईपर्यंत जो अवधी मिळतो त्याचा उपयोग मराठी गृहिणी घर आवरण्यासाठी करते. घटनास्थळ जसेच्या तसे ठेवावे, हा नियम तिला टीव्हीवरील मालिकांमुळे ठाऊक असतो, पण परकी माणसे घरात येणार आणि साड्या अशा पसरलेल्या पाहणार, ही कल्पना तिला चोरीपेक्षा असह्य होते; त्यामुळे साड्यांच्या घड्या होतात, कपाटाची दारे ओल्या फडक्याने पुसली जातात आणि चोराने ओट्यावर ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा घासून पालथा घातला जातो. बोटांचे ठसे घेणारे तज्ज्ञ त्यानंतर येतात. हे शास्त्र आपल्याच देशात वाढले; जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झाले आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत उभी करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या तेथील दोन कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता; परंतु त्या दोघांनी ओल्या फडक्याचा विचार केलेला नव्हता. घरच्यांचे ठसे वगळता यावेत म्हणून त्यांचेही नमुने घेतले जातात, आणि अखेर काळ्या भुकटीतून जे एकमेव स्पष्ट ठसे उमटतात ते बर्फीच्या डब्यावर, मधुमेही आजोबांचे असतात. या प्रकरणात तत्काळ उघडकीस आलेला गुन्हा तेवढाच. श्वानपथकाचे कुत्रे जिना उतरून फाटकाबाहेर जाते आणि मुख्य रस्त्याशी घुटमळते. वाचलेल्या प्रत्येक बातमीत ते तेथेच घुटमळत असल्यामुळे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

पंचनामा म्हणजे दोन त्रयस्थ व्यक्तींच्या, अर्थात पंचांच्या, समक्ष केलेली घटनास्थळाची लेखी नोंद. एरवी जिन्यात भेटले तरी मान वळवणारे शेजारी पंच होण्यास चटकन तयार होतात, कारण त्यामुळे दुसऱ्याच्या शयनगृहातील कपाट शासकीय अधिकाराने पाहावयास मिळते. पंचनाम्याच्या भाषेत ‘जु. वा.’ हे एक संक्षिप्त रूप वारंवार येते, ज्याचा अर्थ ‘जुनी वापरती’ असा असून ते वस्तूच्या अंदाजे किमतीपूर्वी लिहिले जाते. गेल्याच दिवाळीला घेतलेला आणि कोणाला हातही लावू न दिलेला कॅमेरा ‘जु. वा.’ ठरतो तेव्हा गृहस्थ हरकत घेतो, आणि हवालदार समजुतीच्या स्वरात म्हणतो, “काका, आता तर तो नक्कीच कोणीतरी वापरतोय.”

‘कोणावर संशय?’ हा रकाना भरताना कुटुंबाचे खरे अंतरंग दिसते. गृहस्थाला वॉचमनचा, वॉचमनला कुरिअरवाल्याचा, आजोबांना सरकारचा संशय असतो, परंतु सर्वांच्या तोंडी प्रथम नाव येते ते धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे, मग त्या शनिवारपासून स्वतःच्या गावी जत्रेला गेलेल्या असोत. त्यांना ठाण्यावर बोलावले जाते, चार प्रश्न विचारून तासाभरात सोडले जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला येणे बंद करतात. दागिन्यांविना संसार चालतो, हे कुटुंबाला आठवडाभरात उमगते. बाईंविना तो दुपारपर्यंतही चालत नाही. सबब ज्या गृहिणीने संशयाच्या रकान्यात त्यांचे नाव प्रथम सांगितले तीच त्यांच्या दारी साडी-खण घेऊन जाते. “माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं हो,” ती म्हणते. “माझ्या मनात आहे,” बाई उत्तर देतात आणि पगार वाढवून घेतात.

यापुढील अवस्था समाचाराची. मर्तिकाला न जाणारी माणसेही घरफोडीच्या समाचाराला येतात, कारण मर्तिकात पाहण्यासारखे काही नसते आणि येथे तुटलेला कोयंडा, म्हणजे कडी अडकवण्याचा लोखंडी भाग, प्रत्यक्ष हाताळावयास मिळतो. येणारा प्रत्येक जण “जिवावरचं सोन्यानाण्यावर निभावलं” असे म्हणतो. वस्तुतः चोरीच्या वेळी घरातील सर्व जीव साताऱ्यात पंगतीला बसलेले होते आणि त्यांना मठ्ठ्यापलीकडे कसलाही धोका नव्हता. हकीकत सांगण्याचे काम पहिल्या दिवशी पती करतो, परंतु तो तपशील गाळतो म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते पत्नी हाती घेते. कथन हळूहळू घोटीव होत जाते, कोठे थांबावयाचे, कोणत्या वाक्याला आवाज खाली आणावयाचा आणि कोयंडा केव्हा दाखवावयाचा हे ठरून जाते, आणि आठवड्याच्या अखेरीस पाहुण्यांना ते ऐकून जी भीती वाटते ती प्रत्यक्ष कुटुंबालाही कधी वाटलेली नसते. अडचण एवढीच की पाहुणा ऐकण्यासाठी आलेला नसून सांगण्यासाठी आलेला असतो. त्याच्या मेव्हण्याकडे याहून मोठी चोरी झालेली असते, चोरांनी तेथे पिठले करून खाल्लेले असते, आणि यजमानाच्या साध्या, पिठल्याविरहित घरफोडीला त्यापुढे खाली मान घालावी लागते. खालच्या मजल्यावरील काकूंचे निवेदन सर्वांत मोलाचे असते, कारण त्या एकमेव कर्णसाक्षीदार असतात.

“आवाज आला होता हो मला. कपाट आपटल्याचा, भांडी पडल्याचा.”

“मग वर का नाही आलात?”

“मला वाटलं, तुम्ही लग्नाहून परत आलात.”

वृत्तपत्रात बातमी येते ती चौथ्या पानावर आणि तीत ‘कडी-कोयंडा उचकटून किरकोळ ऐवज लंपास’ असे शब्द असतात. ऐवज म्हणजे मौल्यवान चीजवस्तू. त्यामागील ‘किरकोळ’ हे विशेषण गृहस्थाला रात्रभर झोपू देत नाही. सकाळी तो वार्ताहराला दूरध्वनी करतो. “किरकोळ कसा?” वार्ताहर मुलगा नम्र असतो. “काका, त्याच रात्री पलीकडच्या बंगल्यातनं साठ तोळे गेले. तुलनेनं म्हटलंय.” यानंतर गृहस्थ जेथे जाईल तेथे स्वतःच्या नुकसानीचा आकडा वाढवून सांगू लागतो, परंतु तो आकडा सर्वत्र एकच ठेवणे त्याला जमत नाही. पोलिसांना पावत्यांसह सांगितलेला आकडा, नातेवाइकांत प्रतिष्ठा राखणारा आकडा आणि विमा प्रतिनिधीसमोर थरथरत्या आवाजात उच्चारलेला आकडा हे परस्परांना ओळखतही नाहीत. प्राप्तिकर सल्लागाराचे काम करणारा भाऊ मध्येच येऊन आठवण देतो की १९९४ च्या सूचनेनुसार झडतीत विवाहित स्त्रीचे पाचशे ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करीत नाहीत, तेव्हा आकडा त्याच्या आत राहिलेला बरा. आणि ज्या घरातून मुळात सात तोळे गेले त्या घरात आता पाचशे ग्रॅमच्या मर्यादेवर गंभीर चर्चा होते. ही मर्यादा आपल्याला ओलांडता येऊ शकली असती, या नुसत्या शक्यतेने सर्वांनाच थोडे बरे वाटते.

विम्याचा विषय लवकर संपतो. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप आदी संकटे येतात, परंतु चोरी येते ती अशा एखाद्या संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. म्हणजे भरपाई हवी असल्यास आधी घराला आग लागावयास हवी होती. निव्वळ घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि त्यातही सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका प्रकरणात असे म्हटले आहे की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीच्या प्रवेशाशी बांधलेली असेल तर बळाचा वापर दिसला पाहिजे. आत्याबाई साडेसातीवर उपाय म्हणून शनिशिंगणापूरला तेल वाहण्यास सुचवतात. नेवासे तालुक्यातील या गावात घरांना दारे नसण्याची परंपरा आहे आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेने २०११ साली तेथे बिनकुलपाची शाखाही उघडली. कोयंडाच नसल्यामुळे तो उचकटला जाण्याचा आणि पर्यायाने दावा मंजूर होण्याचा प्रश्नच जेथे उद्भवत नाही, असे हे गाव विमाधंद्याच्या दृष्टीने आदर्श मानावयास हरकत नाही.

सोसायटीची विशेष सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा भरते, कॅमेऱ्यांचा विषय निघतो, कॅमेरे आहेतच परंतु त्यांची तोंडे पार्किंगच्या वादामुळे एकमेकांच्या गाड्यांकडे वळवलेली आहेत असे निष्पन्न होते, आणि उरलेला वेळ पार्किंगला जातो. गृहस्थ आपल्यापुरता सावध होतो. दाराला तीन कुलपे, आत लोखंडी जाळी आणि जाळीला चौथे कुलूप बसते, आणि पहिल्याच पंधरवड्यात किल्ल्या आत विसरून कुटुंब बाहेर राहते. बोलावलेला किल्लीवाला ती चारही कुलपे ज्या सहजतेने उघडतो ती पाहून कोणी काही बोलत नाही. राहिलेले किडूकमिडूक लपवण्याची जबाबदारी आजी घेतात आणि ते इतक्या चोख रीतीने लपवतात की गणपतीत बाहेर काढण्याची वेळ येते तेव्हा त्यांनाच जागा आठवत नाही, दुसऱ्या चोरीचा बोभाटा होतो, पुन्हा समाचाराला माणसे येतात, आणि त्यांच्यासाठी चहा करताना कर्णफुले सुंठीच्या बरणीत सापडतात. बँकेच्या लॉकरसाठी प्रतीक्षायादीत नाव घातले जाते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकरमधून चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती असते, हे कळल्यावर गृहस्थ भाडे कमी असल्याबद्दल तक्रार करणारा त्या शाखेतील पहिला ग्राहक ठरतो. समारंभातील वागणेही बदलते. जी गृहिणी आजवर बेन्टेक्सच्या बांगड्या सोन्याच्या म्हणून सांगत आली ती आता गळ्यातले अस्सल मंगळसूत्रही सुरक्षिततेसाठी ‘खोटंच हो’ म्हणून सांगते, आणि समोरच्या बायका यावर तत्काळ विश्वास ठेवतात, हे तिला मुळीच आवडत नाही.

तपास लागला नाही तर गुन्हा ‘ए समरी’त, म्हणजे खरा परंतु न उलगडलेला या वर्गात, जातो, आणि निदान खरा असल्याचा शासकीय दाखला मिळाला म्हणून काही कुटुंबे त्यावर समाधानी असतात. तपास लागला तर मात्र गुंतागुंत वाढते. चोरीचे सोने घेणारा ते घाईने वितळवतो, त्यामुळे पोलिसांनी हस्तगत केलेला मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्याशी संबंधित वस्तू, बहुधा लगडीच्या, अर्थात आटवलेल्या सोन्याच्या तुकड्याच्या, रूपात परत येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली न्यायालय तो खटला चालू असतानाही फिर्यादीच्या ताब्यात देऊ शकते, परंतु त्यासाठी सुपुर्दनामा लिहून द्यावा लागतो, ज्यात ही वस्तू विकणार नाही, मोडणार नाही आणि बोलावताच हजर करीन, अशी हमी असते. फुलांची सजावट केलेल्या कार्यक्रमात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हस्ते लगड स्वीकारून, छायाचित्र काढून, कुटुंब घरी येते आणि ती जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ठेवली जाते. सासूबाईंच्या पाटल्या, सुनेची मोहनमाळ आणि नणंदेला तोंडी कबूल केलेली ठुशी त्यात एकजीव झालेली असते. नणंद मिरजेहून दुसऱ्याच दिवशी येते, लगड हातात घेऊन उजेडात फिरवते आणि ठामपणे सांगते, “हा डावीकडचा जाड भाग ठुशीचा.” सासूबाईंच्या मते तो पाटल्यांचा असतो. सुनेचे म्हणणे असे पडते की घट धरली तर वजनात जे कमी आले ते पाटल्यांतले, कारण मोहनमाळेचे सोने चोख होते. गृहस्थ तिघींना सुपुर्दनाम्याची प्रत वाचून दाखवतो, खटला संपेपर्यंत लगड मोडता येत नाही आणि म्हणून वाटणीही होऊ शकत नाही, हे कलमासह समजावून देतो. आणि पुढील सुनावणीस आरोपीचा वकील आजारपणाचे कारण सांगून तारीख मागतो तेव्हा, न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसलेला फिर्यादी मनोभावे मान डोलावताना आढळतो.